दोन निरोप

बाज कडुनिंबाखाली टाकलेली आहे आणि मी तिच्यावर आडवा झालोय. डोळे मिटलेत, तरी ऊन पापण्यांतून तांबूस होऊन आत येतंय. पोट तट्ट भरलंय. पलीकडे बायका भांडी घासतायत. त्यांचं बोलणं मला अर्धंच कळतं, कारण आपसात त्या गावच्या बोलीत बोलतायत. मोटार चालू आहे, केळीत पाणी सोडलंय. झोप येतेय आणि मला ती नको आहे. अकरा महिने झाले, मी दुपारचा आडवा होत नाही. पण आज लीलाधरनं स्वतः बाज ओढून आणली, उशी ठेवली आणि म्हणाला, दाजी, जरा पडा. नाही कसं म्हणायचं?

लीलाधर म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. हे त्याचं शेत. यावल तालुक्यातलं बोरवड, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि मध्ये नजर जाईल तिथवर केळी. हे माझ्या बायकोचं माहेर. मी दत्ताराम शिर्के, चिपळूणचा. माझा तिथे छापखाना होता, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायचो. कोकिळा भारंबे आमच्याकडच्या मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून आली, तेव्हा तिच्या शाळेच्या खो-खोच्या सामन्यांची पत्रकं छापायला माझ्याकडे आली होती. पुढे आमचं लग्न झालं. तिच्या वडिलांना ते पसंत नव्हतं. आबांनी दोन वर्षं माझं तोंड पाहिलं नाही. तिसऱ्या वर्षी डिसेंबरात त्यांचं कार्ड आलं, त्यावर एकच ओळ होती, की वांगी तयार झाली आहेत, दोघं भरीत खायला या.

तेव्हापासून दर डिसेंबरात आम्ही येत राहिलो. चौतीस वर्षं. हिरव्या, पांढुरक्या, हातभर लांब वांग्यांचा ढीग शेतात पडलेला असायचा. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर ती भाजायची, साल काढायची आणि लाकडाच्या बडगीत घालून ठेचायची. त्यात मिरची, लसूण, कांद्याची पात, वर तेलाची फोडणी. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, पुऱ्या, मुळा, कढी. तीस-चाळीस माणसं केळीच्या पानांवर जेवायला बसायची आणि कोकिळा वाढायला धावायची. इकडे आली की ती वेगळीच व्हायची. भुसावळला उतरली की तिची भाषा बदलायची. चिपळुणात 'मला' म्हणणारी बाई इथे 'मले' म्हणायची. मैत्रिणींच्या घरी गेली की तासन्‌तास यायची नाही. सिंधू फेगडेच्या ओसरीवर बसून दोघी कशावरून तरी हसायच्या, आणि मी विचारलं की ती म्हणायची, तुम्हाला सांगून कळायचं नाही. हे ती प्रेमानंच म्हणायची. पण दर वर्षी ते मला थोडं लागायचं.

आम्हाला मूल नाही. माझ्या घरात तिच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. तिला मात्र एक अख्खं गाव होतं.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, जे आवडेल ते खाऊ घाला. पोटाचा आजार होता, पसरला होता. डिसेंबर लागला तेव्हा तिनं विचारलं, वांगी निघाली असतील का हो? मग रोज विचारायला लागली. मग म्हणायला लागली, मला घेऊन चला. मी म्हणायचो, पंधरा तासांचा प्रवास आहे, जंतुसंसर्ग होईल, जरा ताकद येऊ दे. तिच्या आईला फोनवर ऐकू येत नाही, ऐंशीच्या पुढे आहेत. म्हणून निरोप लीलाधरमार्फत जायचे आणि तिच्यात बोलायची ताकद उरली नव्हती म्हणून इकडून ते मी द्यायचो. लीलाधर म्हणाला, गाडी घेऊन येतो, मागच्या सीटवर गादी टाकतो, माय वाट पाहतेय. मी त्याला म्हणालो, तिला नको वाटतंय. अशा अवस्थेत गावानं पाहू नये असं म्हणते. तुम्हीही इतक्यात येऊ नका, डॉक्टरांनी भेटायला बंदी केली आहे.

खोटं होतं ते. ती तसं म्हणाली नव्हती.

जानेवारीत ती गेली. माझ्या हातात गेली.

आज सकाळी मी गावात आलो. कोकिळाच्या आईला इथे सगळेच माय म्हणतात. मायनं मला ओवाळलं, गूळपाणी दिलं, पण कोकिळाबद्दल एक शब्द काढला नाही. पुढच्या खोलीत तिचा फोटो आहे, लीलाधरनं केलेला. त्याला हार नाही. सिंधूनं मला कोपऱ्यात घेऊन हलक्या आवाजात सांगितलं, माय तिच्यावर रुसली आहे, शेवटचं बोलावलं तर आली नाही म्हणून. मी मान डोलावली. आणि शेतात येऊन पोटभर भरीत खाल्लं. लोक आग्रह करत होते, मी घेत होतो. त्याच तोंडानं मी खाल्लं.

मोटारीचा आवाज लांब जातोय. भांड्यांचाही.

कोणीतरी माझ्या पायाचा अंगठा धरून हलवतंय.

"अहो, उठा. उतरायचंय."

मी रेल्वेच्या बाकावर झोपलोय आणि ती माझ्या पायाशी बसलीय. तिचे केस परत आलेत. जाड वेणी, पुढे खांद्यावरून सोडलेली. गळ्यात शाळेची शिट्टी आहे. मी तिच्याकडे बघतो आणि मला काहीच नवल वाटत नाही, फक्त घाई वाटते, की सामान काढायला हवं. पिशवी मी घेतो. खूप जड आहे. दारातून खाली उतरतो तर पाय आमच्या चिपळूणच्या स्वयंपाकघरात पडतो. ती गॅसचा खटका बंद आहे का बघते, खिडकी लावते, दूधवाल्याला चार दिवस नको म्हणून सांगितलं का विचारते. मी हो म्हणतो. सांगितलेलं नसतं. मागचं दार ती उघडते आणि मागच्या दाराबाहेर बोरवडची गल्ली आहे.

ती झपाझप चालते. मैदानावर चालायची तशी. मी पिशवी घेऊन मागे.

पहिलं घर सिंधूचं आहे. सिंधू ओसरीवर बसलीय, तिशीतली दिसतेय, केसांत एकही पांढरा नाही. तिनं ताटली पुढे केलीय. कोकिळा उभ्याउभ्याच एक घास घेते.

"लई उशीर केला, कोके," सिंधू म्हणते.

 कोकिळा वळून माझ्याकडे बघते. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतो.

पुढच्या घरी शेवभाजी आहे. त्याच्या पुढे खापरावरचे मांडे चाललेत, बाई मनगटावरून पोळी मोठी करत करत खापरावर टाकतेय. प्रत्येक दारात कोणीतरी ताटली घेऊन उभं आहे आणि प्रत्येकजण तेच म्हणतो, उशीर केला. कोणी रागानं नाही म्हणत. तिची वाट बघून थकल्यासारखं म्हणतात. माझ्याशी कोणी बोलत नाही. ती एकेक घास तोंडात घालते, चावते आणि ताटली परत देते.

"चव लागत नाही," ती मला म्हणते.

मी म्हणतो, मीठ कमी असेल.

शेवटचे तीन आठवडे तिला चव लागत नव्हती. मी चिपळुणात वांगी शोधली होती. आमच्याकडची काळी, लहान. ती गॅसवर भाजून, मिक्सरमधून काढून, तिच्यापुढे ठेवली होती. तिनं चमचा तोंडाला लावला आणि म्हणाली, छान झालंय. तेव्हा मला वाटलं होतं, मी तिचं माहेर तिला आणून दिलं. स्वप्नात मला त्या मिक्सरचा आवाज ऐकू येतोय आणि लाज वाटतेय.

गल्ली संपतच नाही. चालता चालता दोन्ही बाजूंची घरं अरुंद होतात, फरशी गुळगुळीत होते, औषधाचा वास येतो. आता आम्ही दवाखान्याच्या बोळात आहोत आणि भिंतीच्या जागी केळीची झाडं उभी आहेत. घडांना निळ्या पिशव्या घातल्यात. घडांच्या मधे सलाइनच्या बाटल्या टांगलेल्या आहेत, थेंब थेंब पाणी झाडांच्या मुळाशी पडतंय. एका खोलीचं दार अर्धं उघडं आहे. आत पलंगावर कोणीतरी लहानसं झोपलंय आणि शेजारी स्टुलावर मी बसलोय, माझ्या कानाला फोन आहे. कोकिळा आत बघत नाही. मीही बघत नाही. पण मला माझाच आवाज ऐकू येतो, समजूतदार, हळू: तिलाच नको वाटतंय रे.

बोळाच्या टोकाला आबा बसलेत. जाळ केलाय, वांगी उलटीपालटी करतायत. आबा बारा वर्षांपूर्वी गेले, हे मला स्वप्नातही पक्कं आठवतं. कोकिळाबद्दल मात्र आठवत नाही. ते लेकीला हातानंच बाजूला बस म्हणतात, आणि ती बसत नाही, आधी मायले भेटते म्हणते. आबा माझ्याकडे बघतात. लग्नानंतर दोन वर्षं जसं बघायचे, म्हणजे माझ्यातून पलीकडचं काहीतरी दिसत असल्यासारखं.

मग घर येतं. ओटा, दोन पायऱ्या, दार. दार बंद आहे. आतून भाकरी थापल्याचा आवाज येतोय, थप, थप, सारखा. माय आत आहे. चुलीचा धूर कौलांतून निघतोय. कोकिळा इतका वेळ चालत आली ती पायरीशी थांबते. दाराकडे जात नाही. ओट्याच्या कडेला बसते, पदर सावरून, पाव्हणी बाई बसते तशी.

मी म्हणतो, कडी वाजव ना.

"कशी वाजवू?" ती म्हणते. आता ती माझ्याशीही गावच्याच बोलीत बोलतेय. आयुष्यात कधी बोलली नव्हती, फक्त शेवटच्या दिवसांत बोलायला लागली होती, तिला कळत नसताना. "माय येऊ नको म्हने ना. मंग मी कशी जाऊ?"

आतला थापण्याचा आवाज थांबत नाही.

ही दुसरी गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. लीलाधरला मी एक निरोप दिला होता, आणि तिला दुसरा. ती रोज विचारायची, मायला कळवलं का, माय काय म्हणाली. आणि एक दिवस, ती फारच मागे लागली म्हणून, मी तिच्या उशाशी बसून म्हणालो की आई म्हणतात, एवढ्या थंडीत नको, अशी आलीस तर त्यांना बघवणार नाही, बरी होऊन ये. तिनं थोडा वेळ छताकडे पाहिलं. मग म्हणाली, बरं. त्यानंतर तिनं विचारलंच नाही. त्यानंतर ती अकरा दिवस जगली. एकदाच, दुपारच्या गुंगीत, मले घरी जायचं म्हणाली, आणि मी तिचा हात दाबून म्हणालो, अगं आपण घरीच आहोत.

"किती दिवस बसलीस इथे?" मी विचारतो.

"तवापासून," ती म्हणते. "माय रोज भाकरी थापते, मले ऐकू येते. दार उघडत नही."

मला पळून जावंसं वाटतं. पिशवी ओट्यावर ठेवावी आणि गल्लीतून उलटं चालत जावं. पण गल्ली आता नाहीच. ओट्यापासून पुढे सगळं पाणी सोडलेलं शेत आहे. मी म्हणतो, आई तसं म्हणाल्या नव्हत्या.

ती वळते. "मंग कोन म्हने?"

"मी."

ती वाट बघते. मुलींनी खोटं सांगितलं तर शाळेत वाट बघायची तशी, पूर्ण खरं येईपर्यंत. आणि मी सांगतो. की आई वाट बघत होत्या. की गाडीत गादी टाकून लीलाधर निघायच्या तयारीत होता. की डॉक्टरांनी कसलीही बंदी केली नव्हती, उलट न्या म्हणाले होते. की संसर्गाची भीती खरी नव्हती. खरी भीती ही होती की ती इथे आली असती तर परत आली नसती. शेवटी ती आपल्या लोकांत असती, सिंधूच्या मांडीवर डोकं, मायचा हात, आणि मला अर्धी कळणारी ती भाषा. मी दारात उभा राहिलो असतो. चौतीस वर्षं येत असलेला जावई, हातात चहाचा कप. माझ्याच बायकोच्या मरणात मी पाव्हणा झालो असतो.

"मला तू माझ्याजवळ हवी होतीस," मी म्हणतो. "शेवटपर्यंत फक्त माझ्याजवळ."

ती ऐकून घेते. तिच्या चेहऱ्यावर राग शोधतो मी, तो असता तर बरं झालं असतं. ती फक्त विचारते, अगदी साधं, भाजीला मीठ पडलंय का विचारावं तसं.

"मी तुमच्याजवळ मेली. मंग बरं वाटलं का तुमाले?"

"नाही," मी म्हणतो.

एवढंच.   ती उठते. ओटा नाही, घर नाही, आम्ही केळीत उभे आहोत, घोट्यापर्यंत चिखलात, आणि तिच्या हातात विळा आहे. ती पानं कापायला लागते, पंगतीसाठी, दर वर्षी कापायची तशी. पान धरायचं, देठाशी विळा, खट्‌. तिचे हात चिकानं ओले होतात. भाकरीचा आवाज मात्र अजून कुठूनतरी येतोय. मी म्हणतो, चल, मी दार वाजवतो, मी त्यांना हाक मारतो. ती म्हणते, ते दार तुमाले उघडता यायचं नही, आतून लावेल हाय. मी म्हणतो, मग मी त्यांना पत्र लिहितो, चिपळूणला गेलो की लगेच.

"मायले वाचता येत नही. पत्र कोन वाचीन?"

"मग उद्या सांगतो. चार दिवस आहेच मी इथे."

"सांगजा," ती म्हणते. "मी तोवर भाईरच."

पानांचा भारा तिनं खांद्यावर घेतलाय आणि ती आत चाललीय, दोन ओळींच्या मधून, जिथे ऊन पोचत नाही. मी मागे जातो. पाय चिखलातून निघत नाहीत. मी तिचा दंड धरायला हात पुढे करतो तशी ती थांबते, माझ्याकडे तोंड करते आणि उजवा हात माझ्या छातीवर ठेवते. ढकलत नाही. नुसता ठेवते, भिंतीला हात लावावा तसा. हात थंड आहे आणि चिकट.

"तुमी इथंच थांबा," ती म्हणते.

मी डोळे उघडतो. वर कडुनिंब आहे.

ऊन कलून बाजेच्या पायथ्याशी गेलंय. मोटार बंद झालीय. मी उठून बसतो आणि पहिल्यांदा पायांकडे बघतो. पाय कोरडे आहेत, चपला बाजेखाली जशाच्या तशा. मग छातीला काहीतरी चिकटल्यासारखं वाटतं. पांढरा सदरा आज सकाळीच घडीतून काढलाय. डाव्या बाजूला, खिशाच्या वर, ओलं आहे. मी बोट लावतो. बोट चिकटतं, सोडवावं लागतं. वास घेतो. केळीच्या पानाचा, हिरवा, तुरट. जेवताना मी पानावर वाकलो होतो खरा. पण छाती पानाला कशी लागेल?

समोर माय बसलीय. उलट्या घमेल्यावर, काठी आडवी ठेवून, आणि तिच्या हातात चहाचा पेला, वर बशी झाकलेली. मी उठायची वाट बघत ती किती वेळ बसली होती कोण जाणे. मला उठलेलं बघून ती पेला पुढे करते आणि झोप लागली का विचारते. लागली तर बरं झालं म्हणते, चेहरा किती उतरलाय.

मी चहा घेत नाही. मी म्हणतो, आई, कोकिळा यायचं म्हणत होती. मी आणलं नाही.

तिला ऐकू येत नाही. ती कानामागे हात धरते. "काय म्हनता?"

मी मान वर करून बघतो. लीलाधर दहा पावलांवर चूल विझवतोय. सिंधू आणि आणखी तीन बायका हौदाशी आहेत. हे तिला हळू सांगता येणारच नाही, हे मला तेव्हा कळतं. जे मी अकरा महिने स्वतःशीही पुटपुटलो नाही ते ओरडूनच सांगावं लागणार आहे.

म्हणून मी ओरडतो. सगळं. ती रोज माहेरी यायचं म्हणत होती. तुम्ही नको म्हणालात असं मी तिला सांगितलं. ती नको म्हणते असं मी तुम्हाला सांगितलं. दोन्ही खोटं. माझा आवाज फाटतो, मधेच खोकला येतो, मी परत सुरुवात करतो. हौदाशी भांड्यांचा आवाज थांबलाय. लीलाधरच्या हातातली बादली तशीच तिरकी राहिलीय, पाणी त्याच्या पायावर सांडतंय.

मायला सगळं कळलं का हे मला कळत नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहते, ओठ वाचत असल्यासारखी. मग हातातला पेला जपून जमिनीवर ठेवते, सांडू न देता.

"मले वाटे, शिकली, शयरात गेली, तिले आता माय नको," ती म्हणते. "मी तिच्या फोटोसमोर दिवा लावला नही. एक दिवसबी लावला नही."

मग माय विचारते, कोकिळा काय म्हणायची? शब्द कोणते होते? मी शहरातले शब्द सांगतो तर ती मान हलवते. तसं नको, ती म्हणायची तसं सांगा.

आणि मी ती भाषा तोंडात घेतो. आजवर कधी घेतली नव्हती.

"मले घरी जायचं," मी ओरडतो. शेतात ते फार मोठं वाटतं.

माय ते शब्द स्वतःशी एकदा म्हणते, आवाज न करता. ओठ हललेले दिसतात. मग काठीवर भार देऊन उठते. मी हात पुढे करतो. तो तिला दिसतो, ती घेत नाही. ती बांधावरून गावाच्या दिशेनं चालायला लागते, एकटी, वाकून, आणि सिंधू ओले हात पदराला पुसत तिच्या मागे जाते. माझ्याजवळून जाताना सिंधू थांबत नाही. बाकीच्या बायका भांडी तशीच टाकून निघतात. कोणी मला शिवी देत नाही. 

लीलाधर येतो. बाजेवरची उशी उचलतो, झटकतो, काखेत धरतो. तो रडलाय, पण आवाज नीट आहे.

"दाजी," तो म्हणतो, "पाचची भुसावळची बस मिळेल. तुमची पिशवी मी घेऊन येतो. तुम्ही घरी येऊ नका."

मी बस थांब्यावर उभा राहतो. तो पिशवी आणून माझ्या पायाशी ठेवतो आणि बस येईपर्यंत थांबतो, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. बसमध्ये बसल्यावर मी खिडकीतून त्याच्याकडे बघतो. तो हात हलवत नाही. एवढंच विचारतो, शेवटचं, खिडकीशी येऊन, की तिला दुखत होतं का. मी म्हणतो, हो. तो मान डोलावतो आणि बस सुटते.

माय आता काय करत असेल, दिवा लावला असेल का, फोटोशी काही बोलली असेल का, हे मला कधी कळणार नाही. कोकिळा अजून ओट्यावर आहे की आत गेली, तेही नाही. मी तिच्यासाठी दार उघडलं असं मला म्हणता येत नाही. तिच्या आईला मी एवढंच दिलं, की आता तिला लेकीवर रुसताही येणार नाही. आणि लेक तिला हाक मारत होती, तिला ऐकू आलं नाही, हे घेऊन तिला उरलेले दिवस काढायचे आहेत.

तापीच्या पुलावर बस हळू होते. मावळतीचं ऊन सरळ माझ्या अंगावर येतं. केळीचा चीक लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो, वाळला की काळा पडतो आणि कापड फाटेपर्यंत जात नाही. सदऱ्यावर तो आता वाळलाय. चार बोटं आणि तळव्याचा थोडा भाग, उजवा हात, कडा तपकिरी. शेजारची बाई त्याच्याकडे बघते आणि नजर वळवते. माझ्या पिशवीत वरच स्वेटर आहे. मी तो काढत नाही.